दुसरा की चौथा? : संच बदललेल्या एका बँडच्या अल्बमची मोजदाद

मुंबईच्या 'इंडस क्रीड' या रॉक बँडचा 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम २०१२ साली प्रसिद्ध झाला. हा त्यांचा दुसरा अल्बम. निदान त्या नावाखाली तरी दुसराच; पहिला, बँडचेच नाव धारण करणारा, १९९५ मध्ये आला होता. परंतु ही मंडळी १९८४ पासून 'रॉक मशीन' या नावाने वाजवीत होती आणि त्या नावाखाली त्यांचे दोन अल्बम आधीच निघालेले होते : १९८८ चा 'रॉक अँड रोल रेनिगेड' आणि १९९० चा 'द सेकंड कमिंग'. मग 'इव्हॉल्व्ह' दुसरा की चौथा? शिवाय १९९५ च्या आणि २०१२ च्या अल्बमांमध्ये सतरा वर्षांचे अंतर आहे, मध्यंतरी बँड मोडलेला आहे, आणि पाच वादकांपैकी दोन पूर्णपणे नवे आहेत. म्हणजे तो एका नव्याच बँडचा पहिला अल्बम आहे असेही कोणी म्हणू शकेल.

प्रश्न ग्रंथालयातल्या नोंदपत्रकाचा वाटतो, आणि काही अंशी तो तसा आहेही. पण नोंदपत्रकावर 'कर्ता' या रकान्यात काय लिहायचे, हे एकदा नीट विचारले की तो समीक्षेचा प्रश्न होतो. मराठी साहित्याच्या अभ्यासात कर्ता एकच असतो अशी आपली घट्ट सवय आहे. कवी एक, कादंबरीकार एक. 'शब्द'पासून पुढच्या लघुअनियतकालिकांचा इतिहासही आपण शेवटी कोलटकर, चित्रे, नेमाडे अशा सुट्या नावांत वाटून टाकतो आणि त्या गटांचे म्हणून काही कर्तृत्व होते का, हे विचारायचे राहून जाते. ज्या कलाकृतीचा कर्ता मुळातच एक गट आहे, आणि तो गट मध्येच बदलतो, तिच्याकडे पाहण्याची सवय आपल्याला नाही. रॉक बँडचा संचबदलानंतरचा अल्बम ही सवय लावून घेण्यासाठी चांगली जागा आहे, असे मला वाटते. (मराठीत 'बँड' म्हटले की वरातीपुढचा पितळी वाद्यांचा ताफा आधी डोळ्यांपुढे येतो. त्याला इलाज नाही. 'वाद्यवृंद' म्हणावे तर भावगीतांचा रंगमंच आठवतो. शब्द 'बँड'च राहू द्यावा.)

मुंबईतल्या रॉकचा इतिहास 'रॉक मशीन'च्या बराच आधी सुरू होतो. साठच्या दशकाअखेर सिगारेट कंपनीने पुरस्कृत केलेल्या 'सिमला बीट' या स्पर्धेतून महाविद्यालयीन बँडांना रंगमंच मिळाला; १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांतील निवडक गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. १९७१ मध्ये लोणावळ्याजवळच्या मळवलीला 'स्नेहयात्रा' नावाचा खुल्या मैदानातला संगीतमेळावा भरला. 'सॅव्हेजेस' आणि 'व्हेल्व्हेट फॉग' या बँडांत गाणारे नंदू भेंडे हे आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. अलेक पदमसींनी १९७४ मध्ये बसविलेल्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ते जूडास होते, आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली, ते अंकुश झाले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात ही नोंद सापडते. पण ती 'प्रयोगशील नाटकातला पाश्चात्त्य संगीताचा वापर' अशा मथळ्याखाली, जणू काही रॉक बाहेरून आणून नाटकाला चिकटवले गेले. तो गायक त्या संगीतात वाढला होता, आणि ते संगीत गिरगाव-दादरच्या हाकेच्या अंतरावर वाजत होते, हे त्या मथळ्यातून कळत नाही. अरुण कोलटकरांनीही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजीत गाणी लिहिली होती आणि त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रणही केले होते. त्यांच्या पखवाजाच्या शिक्षणाचा उल्लेख आपण करतो, या गाण्यांचा क्वचितच. असो.

या सगळ्या बँडांची एक अडचण समान होती. श्रोत्यांना त्यांच्याकडून इतरांची गाणी हवी असत. लंडनचे किंवा अमेरिकेचे मूळ बँड मुंबईत येण्याची शक्यता नसल्यामुळे इथल्या बँडने त्यांची हुबेहूब नक्कल करावी आणि तबकडीतल्या गिटारच्या स्वरावलीतला एकही स्वर चुकवू नये, हीच गुणवत्तेची कसोटी. कीर्तनकाराने पूर्वरंगातला अभंग बदलला तर जी कुजबुज होईल, तसलीच कुजबुज स्वतःचे गाणे वाजविणाऱ्याच्या वाट्याला यायची. 'रॉक मशीन'नेही आरंभीची वर्षे अशीच काढली. १९८६ मध्ये 'इंडिपेंडन्स रॉक' हा वार्षिक मेळावा सुरू झाला आणि धोबी तलावजवळचे रंगभवन हे या संगीताचे घर बनले. मोकळे आकाश, दगडी पायऱ्या, आणि समोर बहुतांशी महाविद्यालयीन मुले. या श्रोत्यांपुढे १९८८ मध्ये संपूर्णपणे स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढणे हे धाडस होते. त्या गाण्यांवर ऐंशीच्या दशकातल्या अमेरिकी हार्ड रॉकची छाप स्पष्ट आहे; कपडे आणि केसही तसेच. पण नक्कल करणाऱ्याने प्रथम स्वतःचे वाक्य उच्चारले, एवढी गोष्ट तिथे घडली. दुसऱ्या अल्बमला 'द सेकंड कमिंग' असे नाव देण्यात किंचित खट्याळपणाही आहे. येट्सची कविता वर्गात शिकविणाऱ्यांना तो लगेच कळेल.

१९९३ मध्ये या बँडने नाव बदलले. 'रॉक मशीन' टाकून ते 'इंडस क्रीड' झाले. या क्षणी संचाचा गाभा तोच होता : गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बासवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. माणसे तीच, नाव नवे. कारणे समजण्यासारखी आहेत. 'रॉक मशीन' हे जगातल्या कोणत्याही गावातल्या कोणत्याही बँडचे नाव असू शकले असते. 'इंडस'मध्ये निदान एक नदी आहे. आणि तोपर्यंत घराघरांत उपग्रहवाहिन्या आल्या होत्या. १९९१ पासून स्टारच्या आणि एमटीव्हीच्या पडद्यावर जग इकडे दिसू लागले, तसे इकडचे लोक जगाला दिसण्याची शक्यताही निर्माण झाली. 'प्रिटी चाइल्ड' या त्यांच्या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीच्या आशियाई प्रेक्षकांची पसंती मिळून पुरस्कार लाभला. आता आपण कुठले, हे सांगणे भाग होते. नाव बदलले ते एका अर्थाने पत्ता कळावा म्हणून.

नाव आणि पत्ता यांचा संबंध तेव्हा अन्यत्रही चर्चेत होता, आणि त्याचे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यात आहे. एन्रॉनच्या वीज प्रकल्पाचा पहिला करारमसुदा जून १९९२ चा, वीजखरेदीचा करार डिसेंबर १९९३ चा, आणि राज्य शासनाने तो रद्द केल्याची घोषणा ऑगस्ट १९९५ ची. म्हणजे 'इंडस क्रीड'च्या नामांतराच्या वर्षी करार झाला आणि त्यांच्या पहिल्या अल्बमच्या वर्षी तो मोडला. कंपनीचे नाव होते 'दाभोळ पॉवर'. पण दाभोळ वाशिष्ठीच्या खाडीच्या पलीकडे, दापोली तालुक्यात. प्रकल्प उभा राहिला तो अलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांच्या सड्यावर, गोपाळगडाच्या शेजारी. नाव एकाचे, जमीन दुसऱ्याची. पुढे १९९६ मध्ये करार नव्याने झाला, १९९९ मध्ये वीज निघू लागली, २००१ मध्ये सारे बंद पडले, त्याच वर्षाअखेर एन्रॉनने दिवाळे काढले. आणि २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या भागीदारीत 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' ही नवी कंपनी स्थापन होऊन तीच यंत्रे नव्या पाटीखाली आली. संच बदलला, नाव बदलले, सडा तोच. हा योगायोग मी रूपक म्हणून ताणणार नाही. मात्र उदारीकरणाच्या त्या पहिल्या पाच वर्षांत 'हे नेमके कोणाचे?' हा प्रश्न विजेलाही विचारला जात होता आणि विजेवर चालणाऱ्या गिटारलाही, एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

ज्या वाहिन्यांनी 'इंडस क्रीड'ला पडदा दिला त्यांनीच तो काढूनही घेतला. १९९६ मध्ये एमटीव्ही भारतीय अवतारात आली आणि हिंदी चित्रपटगीते व इंडिपॉप यांच्याकडे वळली. इंग्रजीत गाणाऱ्या मुंबईकर बँडला आता ना परदेशी बाजार होता, ना देशी. १९९७ मध्ये बँड थांबला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले आणि 'अल्म्स फॉर शांती' या नव्या उपक्रमात रमले. ही हकीकत इथे संपली असती तर ती आपल्या ओळखीची झाली असती : उदय, उत्कर्ष, ऱ्हास. आपल्या वाङ्मयेतिहासांना हा आराखडा फार आवडतो.

२०१० मध्ये बँड पुन्हा उभा राहिला. जुन्यांपैकी तिघे होते : बेनेगल, तिनईकर, बालापोरिया. जयेश गांधी आणि मार्क सेल्विन नव्हते. बासवर रुशाद मिस्त्री आला आणि ड्रमवर जय रो कवी. दोघेही पुढच्या पिढीचे. १९९३ मध्ये माणसे ठेवून नाव बदलले होते, २०१० मध्ये नाव ठेवून माणसे बदलली. एकाच बँडने या दोन्ही क्रिया केल्या, म्हणून त्यांचा दाखला मला मोलाचा वाटतो. एरवी आपल्याला यांपैकी एकच पाहायला मिळते आणि मग आपण नावाला तरी अवास्तव महत्त्व देतो किंवा माणसांना तरी.

संच बदलला म्हणजे नेमके काय बदलले, हे मात्र जागा पाहून ठरवावे लागते. 'इंडस क्रीड'मध्ये आवाज तोच राहिला, गिटार आणि कीबोर्ड तेच राहिले, गाणी रचणारे बहुतांशी तेच. बदलली ती लय. बास आणि ड्रम ही जोडी रॉकमध्ये जमिनीसारखी असते; श्रोत्याचे लक्ष तिच्याकडे नसते, पण उभा तो तिच्यावरच असतो. आता मराठीत या वाद्यांसाठी जो शब्द आहे तोच आपल्याला फसवतो. आपण म्हणतो 'साथ'. तबल्याची साथ, पखवाजाची साथ, हार्मोनियमची साथ. मैफलीच्या पत्रिकेत गायकाचे नाव ठळक अक्षरांत, साथीदारांची खाली, बारीक. या शब्दाने पढविलेला श्रोता 'इव्हॉल्व्ह' ऐकून म्हणेल की साथीदार बदलले आहेत, बँड तोच आहे. रॉकमध्ये साथ नावाची गोष्ट नसते. ड्रमवादकाने आघात किंचित मागे ओढला की गायकाला श्वासाची जागा बदलावी लागते, ओळीचा तोल बदलतो, आणि शेवटी शब्दांचा अर्थही जरा हलतो.

याची जाण लोकपरंपरेत नाही असे नाही. उलट तिथे ती अधिकच आहे. अंजनवेलच्या परिसरात, एकूणच गुहागर, चिपळूण, संगमेश्वर या पट्ट्यात, शिमग्यात नमन-खेळे निघतात आणि गणपतीत जाखडी नाचते. नमनाचे मंडळ वाडीचे असते. गण म्हणणारा, गवळणीतली राधा होणारा, संकासुराचा काळा वेष चढविणारा, ही माणसे बदलत राहतात. कोणी मुंबईहून रजा न मिळाल्याने येऊ शकत नाही, कोणी म्हातारा होतो. मंडळ तेच राहते, कारण नाव माणसांचे नसून वाडीचे आहे. गायकाचा आवाज फाटला तर लोक चालवून घेतात. मृदंगावरचा हात बदलला की मात्र पहिल्या ठेक्यालाच मागे बसलेल्या जुन्या माणसांना ते उमगते. तिथे मृदंगवाल्याला साथीदार कोणी म्हणत नाही. खेळे त्याच्यावर उभे असतात.

जगभरातल्या रॉकमध्ये दुसऱ्या अल्बमच्या वेळी संच बदलल्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 'पिंक फ्लॉइड'चे आहे, आणि ते 'इंडस क्रीड'च्या बरोबर उलट आहे. १९६७ च्या पहिल्या अल्बमची बहुतेक गाणी सिड बॅरेटची होती. तोच गायक, तोच गिटारवादक, बँडचे नावही त्यानेच दिलेले. वर्षअखेरीस त्याची मानसिक अवस्था इतकी ढासळली की रंगमंचावर त्याचा भरवसा उरला नाही. डेव्हिड गिल्मर आला, काही आठवडे पाच जणांचा बँड चालला, आणि मग एके दिवशी कार्यक्रमाला जाताना बॅरेटला घेऊन जायचे सोडून दिले गेले. जून १९६८ चा 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स' हा अल्बम या संक्रमणातला. त्यावर बॅरेटचे एकच गाणे आहे, अगदी शेवटी. उरलेले इतरांनी चाचपडत रचलेले. इथे आवाज गेला, रचनाकार गेला, आणि लय तेवढी राहिली : निक मेसनचे ड्रम, रॉजर वॉटर्सचा बास, रिक राइटचे ऑर्गन. गाणे रचणारा गेल्यावर त्यांच्यापाशी उरले ते एकत्र वाजविण्याचे वळण. शीर्षकगीत सुमारे बारा मिनिटांचे आहे आणि त्यात शब्द नाहीत. शब्द देणारा नव्हता, म्हणून त्यांनी अवकाश रचला, आणि पुढची काही वर्षे त्या अवकाशातच घर बांधले. या अल्बमला दुबळा म्हणणारे आहेत. मला तो त्यांच्या नंतरच्या गुळगुळीत अल्बमांपेक्षा अधिक रोचक वाटतो, कारण त्यात सांधा दिसतो.

सांधा लपवायचा की नाही, याची उत्तरे निरनिराळी आहेत. 'जॉय डिव्हिजन'चा गायक इयन कर्टिस मे १९८० मध्ये गेल्यावर उरलेल्या तिघांनी ते नाव टाकले आणि 'न्यू ऑर्डर' झाले. 'पिंक फ्लॉइड'ने नाव ठेवले. ते इतके मौल्यवान झाले की १९८६ मध्ये वॉटर्सने बाहेर पडून त्या नावावरच न्यायालयात वाद घातला आणि तो पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला. कलेचा कर्ता कोण, हा प्रश्न समीक्षकांनी सोडविला नाही की वकील सोडवतात.

आपल्याकडे हे सारे आधी घडून गेले आहे, फक्त आपण ते या नजरेने वाचत नाही. किर्लोस्कर नाटक मंडळी १८८० च्या 'शाकुंतला'पासूनची. १८८५ मध्ये स्वतः अण्णासाहेब गेले, मंडळी टिकली. १९०१ मध्ये भाऊराव कोल्हटकर गेले. मंडळी डगमगली, पण १९०५ मध्ये नारायण राजहंस आला आणि ती पुन्हा उभी राहिली. १९११ मध्ये खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आले, आणि दोनच वर्षांनी बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडून त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर मंडळी तरीही चालू राहिली. तिच्यात मग दीनानाथ मंगेशकर आले आणि तेही १९१८ मध्ये बाहेर पडून बळवंत मंडळीत गेले. हा इतिहास आपण सांगतो तो भाऊराव, बालगंधर्व, दीनानाथ असा. जणू मंडळी म्हणजे या नटांना उभे राहण्यासाठी मांडलेला पाट. पण 'मानापमाना'च्या चाली टेंब्यांच्या होत्या आणि ते स्वतः पेटीवर बसणारे. पुढे गंधर्व मंडळीत अहमदजान थिरकवां तबल्यावर आले आणि कादरबक्ष सारंगीवर. बालगंधर्वांचे जे गाणे ध्वनिमुद्रिकांतून आपल्यापर्यंत पोहोचले, आणि ज्याच्या लयीच्या नजाकतीवर आपण पानेच्या पाने लिहितो, ती लय एकट्या गायकाची होती असे मानणे कितपत योग्य? थिरकवांचा उल्लेख 'साथीला थिरकवां असत' एवढ्या वाक्यात आटोपतो. या वाक्यातून जे निसटते तेच मला हवे आहे.

गंधर्व मंडळीच्या उत्तरार्धाची हकीकत तर आपल्या विषयाला अगदी लागून आहे. १९३५ मध्ये बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'साठी चित्रपटात गेले. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते रंगभूमीवर परतले ते गोहरबाई कर्नाटकींना घेऊन. नाव गंधर्वांचे, नाटके बहुतांशी तीच, पण स्त्रीभूमिकेत आता एक स्त्री. त्या पर्वाविषयी मराठीत जे लिहिले गेले त्यात कुरकुर फार आहे. गोहरबाईंनी मंडळी बुडविली, गंधर्वांना नादी लावले, वगैरे. नव्या माणसाने नेमके काय आणले, तिच्या गाण्याने त्या पदांचे काय झाले, हे शांतपणे विचारणारे लेखन त्या मानाने थोडे. संचबदलाकडे दुःख म्हणूनच पाहायचे ठरविले की नव्या माणसाच्या वाट्याला एकच भूमिका उरते, अपराध्याची. रॉकच्या चाहत्यांमध्येही ही वृत्ती भरपूर आहे. प्रत्येक बँडच्या इतिहासात एखादी गोहरबाई सापडते.

'इव्हॉल्व्ह' या दृष्टीने ऐकला तर काय आढळते? पहिली गोष्ट म्हणजे त्यात 'रॉक मशीन'चा आवाज पुन्हा वाजविण्याचा प्रयत्न नाही. ऐंशीच्या दशकातली ती चकचकीत, घोषवाक्यासारखी ध्रुवपदे गेली. गाणी लांब झाली आहेत, मधल्या वाद्यसंगीताला जागा आहे, कीबोर्ड सजावटीपुरता न राहता गाण्याच्या बांधणीत शिरला आहे. गिटार पूर्वी दोन होत्या, आता एक. त्यामुळे मधे मोकळी जागा पडली आणि ती बासने भरली. मिस्त्रीचा बास अनेकदा स्वतःची चाल घेऊन चालतो आणि गिटार तिच्यावर कडेकडेने भाष्य करते. तिनईकरांच्या वादनात त्यामुळे एक संयम आला आहे, जो १९९५ मध्ये नव्हता. कवीचे ड्रम वजनदार आहेत, पण ते मोजून पडतात. एखादा आघात अपेक्षित जागी न येता पुढे सरकतो आणि बेनेगलना ओळ तोडून म्हणावी लागते. वयाने खाली आलेल्या त्या आवाजाला हे तोडणे मानवते. तरुण लयवादकांनी प्रौढ गायकाला प्रौढ होण्याची सोय करून दिली, असे म्हणावेसे वाटते.

अल्बमचे मिश्रण टिम पामर या इंग्रज तंत्रज्ञाने केले. पर्ल जॅमच्या १९९१ च्या 'टेन'चे मिश्रणही त्याचेच. तो अल्बम ज्या लाटेचा भाग होता तिने ऐंशीच्या दशकातल्या हार्ड रॉकला, म्हणजे 'रॉक मशीन'ने जे शिकून घेतले होते त्याला, एका रात्रीत जुने करून टाकले. वीस वर्षांनी त्याच हातांकडे आपली गाणी सोपविणे हा निव्वळ व्यावसायिक निर्णय असू शकेल. मला त्यात, आपण कशाने जुने ठरलो याची जाणीवही दिसते.

उणिवा आहेतच. शब्द अधूनमधून फार सर्वसाधारण होतात. मुंबईत राहून लिहिलेल्या या ओळी मुंबईच्या आहेत हे सांगणारी एखादी गल्ली, एखादा वास, एखादे नाव त्यांत सहसा येत नाही. १९९३ मध्ये पत्ता कळावा म्हणून नाव बदलणाऱ्या बँडकडून ही अपेक्षा गैर नाही. तीच मंडळी इंग्रजीत लिहिणाऱ्या मुंबईकर कवींची शेजारी. कोलटकरांनी काळ्या घोड्याच्या त्रिकोणात अख्खे शहर पाहिले. रंगभवन तिथून चालत वीस मिनिटांवर. हे अंतर कोणी चाललेच नाही, ना कवींच्या वाचकांनी, ना रॉकच्या श्रोत्यांनी. आणि मराठी समीक्षेने तर या दोन्ही जागांकडे, भाषा इंग्रजी म्हणून, पाठ करण्यात धन्यता मानली. तिनईकर या आडनावाला कोकणातले वा गोव्यातले एखादे गाव चिकटलेले असते, हे कळायला काही भाषाशास्त्र लागत नाही. चाकरमान्यांची एक पिढी गिरणीत गेली, तशी तिची एखादी फांदी गिटारकडे गेली. पहिलीचा इतिहास आपण लिहिला.

रंगभवनातले कार्यक्रम पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे बंद पडले. शेजारी रुग्णालये आणि न्यायालय आहेत, नियम चुकीचा म्हणता येत नाही. पण त्यामुळे झाले असे, की 'इंडस क्रीड'चा नवा संच २०१० नंतर वाजू लागला तेव्हा ती जागा त्याला मिळाली नाही. १९८८ च्या श्रोत्याने जुन्या संचाला दगडी पायरीवर बसून ऐकले होते, नव्याला मद्यालयांत आणि प्रायोजित महोत्सवांत ऐकले. बँड जुना होता की नवा, याचा निर्णय अनेकांनी त्या जागेवरूनच केला असावा. संचात जागेचीही गणना करायची तर 'इव्हॉल्व्ह'च्या वेळी बदललेल्या सभासदांची संख्या दोन नव्हे, तीन धरावी लागते.

तेव्हा दुसरा की चौथा? नावाप्रमाणे मोजाल तर दुसरा. गायक, गिटार आणि कीबोर्ड मोजाल तर त्यांच्या एकत्र वाटचालीतला पुढचा. लय मोजाल तर पहिला. मी नोंदपत्रक लिहायला बसलो तर पाचही नावे एकाच आकाराच्या अक्षरांत लिहीन, वाद्ये त्यांच्यापुढे, आणि 'साथ' हा शब्द वापरणार नाही. क्रमांकाचा रकाना तूर्त कोरा ठेवीन. 'मानापमाना'च्या ध्वनिमुद्रिकांची पत्रके त्यानंतर लिहायला घ्यायची आहेत. तिथे तबल्यावर कोण बसले आहे, हे कित्येक तबकड्यांवर छापलेलेच नाही.